थॉर्नसीकरांचं पान

मामंजी उंबऱ्यावर बसून राहिले होते, म्हणून आमचं घर उभं होतं. बाकी सगळं हिरडवे गाव एव्हाना आडवं झालं होतं.

वैशाखाचं ऊन आणि जिकडंतिकडं पहारींचा आवाज. जो तो आपलंच घर मोडत होता. कौलं उतरवायची, वासे सोडवायचे, खांब उपटायचे, गाडीत घालून खाली सडकेवर ट्रकपर्यंत न्यायचे. मिरगाच्या आत धरणाचे दरवाजे पडणार, तोवर गाव रिकामं झालं पाहिजे, अशी दवंडी दोनदा पिटून झाली होती. लांब पठारावर, जिथं डोळ्याला हिरवं काही दिसत नाही अशा माळावर, सरकार आम्हांला पत्र्याच्या शेडी देणार होतं. लाकूडफाटा मात्र आपापला न्यायचा. घर बांधताना माणसं हाका मारतात, चेष्टामस्करी करतात, गुळपाणी होतं. मोडताना कुणी तोंड उघडत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

आमचे हे पहिल्या खेपेला माजघराचं लाकूड, बैल आणि म्हैस घेऊन पुढं गेले होते. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या खेपेला तुला न् तात्यांना न्यायला येतो. तवर त्यांची समजूत घाल." समजूत घाल म्हणे! सरपंच हात टेकून गेले, तलाठी पाया पडून गेला, आणि समजूत घालणार कोण, तर पोटुशी, उठता-बसता भिंत धरणारी मी.

मागचं घर उघडं पडलं होतं. चुलीवर थेट ऊन येत होतं. पुढची ओसरी आणि तिचं छप्पर तेवढं शिल्लक होतं, आणि तिच्या दारात ऐनाच्या लाकडाचा तो जुना उंबरा. घर वरून मोडत आणतात. उंबरा सगळ्यांत शेवटी काढतात. तो निघाला की घर संपलं. मामंजींना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच ते त्याच्यावर ठाण मांडून बसले होते. जेवायचे तिथंच, निजायचेही तिथंच.

"मामंजी, भाकरी वाढू का?"

"वाढ. पन खाल्ल्यावर उठंल आसं समजू नको."

"उठा म्हटलं का मी?"

"तुझ्या तोंडावर लिव्हलंय." मग जरा मऊ होऊन म्हणायचे, "तू जा गं दिनूसंगं. मला म्हाताऱ्याला र्‍हाऊ दे. पानी येईल तवा येईल."

तात्या शेडगे हा माणूस हट्टी होता, पण वाईट नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू नव्हती. कुणाला काय विचारावं कळेना, तर यांनीच मला चूल कशी धुमसते, म्हैस कुणाच्या हाताला लागते, सगळं दाखवलं. गावात मला सगळे 'चाफळकरीण' म्हणत, कारण माझं माहेर चाफळ. आमच्याकडं सुनेला माहेरच्या गावानंच ओळखतात, तिचं नाव कोण घेतो! मामंजी ते इतक्या लाडानं म्हणायचे की मला आपलं खरं नाव आठवायचंही बंद झालं होतं. त्यांना टाकून मी जाणार नव्हते. तसं मी त्यांना सांगितलंही होतं, आणि त्यावर ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले होते.

पण ते अडून का बसले होते, हे मला त्या दुपारपर्यंत नीट कळलं नव्हतं. मी भाकरीवर कोरड्यास वाढत होते. ते छपराकडं बघत म्हणाले, "म्हाळाला काय करायचं?"

"आत्ता वैशाखात म्हाळ कुठनं काढला मामंजी?"

"भाद्रपद येनार न्हाई व्हय? दरसाल ह्या कौलावर पान ठेवतो. माझा आज्जा येतो, बा येतो, तुझी सासू येती. औंदा येतील न् बघतील, तर सगळं पानी. घर न्हाई, गाव न्हाई. त्यांनी कुठं म्हनून जायाचं? त्यांना कोन सांगनार तिकडं माळावर पत्र्यात गेल्यात म्हनून?" त्यांनी घास तसाच हातात धरला. "आन् आपल्याला तरी कोन वळखनार गं? कुठलं म्हनून इचारलं तर काय सांगायचं? गावच न्हाई त्याचा गावकरी कोन आसतो का?"

मी आत जाऊन, म्हणजे जिथं आत होतं तिथं जाऊन, डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात मिसबाई आल्या.

मिसबाई म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या दवाखान्याच्या मडम. पांढरी छत्री, मळखाऊ रंगाचा झगा, पायांत पुरुषी बूट, पाठीमागं औषधाची पेटी घेतलेला गडी. खोऱ्यातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मलेली, आमचे हेसुद्धा. तिचं खरं नाव काय ते कुणी कधी विचारलं नव्हतं. आम्हांला वाटायचं 'मिस' हेच तिचं नाव, जसं एखादीचं ठकू किंवा गजरा. म्हातारी झाली होती, पण डोंगर चढायची. मराठी इतकं बोलायची की पाठमोरी असली तर कराडकडची एखादी मास्तरीण वाटावी. तिचाही दवाखाना पाण्यात जाणार होता. पेट्या भरून झाल्या होत्या.

"कशी आहेस गं चाफळकरीण?" असं म्हणत तिनं मला पडक्या भिंतीच्या आडोशाला घोंगडीवर निजवलं. बराच वेळ पोट चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग माझा हात हातात घेतला, तेव्हाच मला समजलं.

ओसरीवर येऊन तिनं मामंजींना उभ्याउभ्याच सांगितलं. "तात्या, मूल आडवं आहे. हिला आजच्या आज मिशनच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. इथं कळा सुरू झाल्या तर मी काही करू शकणार नाही. माझ्याकडं आता इथं कात्रीसुद्धा नाही, सगळं पेट्यांत गेलं."

मामंजींचा चेहरा उतरला. "न्या की बाई. आत्ता न्या."

"मी जात न्हाई," मी भिंतीआडून म्हणाले. "मामंजी आले तर जाते."

"ए पोरी, खुळी हाईस का?"

"खुळी तर खुळी. तुम्ही पान्याची वाट बघत बसायचं न् मी तिकडं बाळंत व्हायचं? बारशाला काय सांगू? आज्जा कुठंय?"

मिसबाईंनी छत्री मिटली आणि उंबऱ्यालगत ओट्यावर बसल्या. घाईत असणारी बाई अशी निवांत बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"तात्या, मला सांगा, तुम्ही का येत नाही?"

"तुमास्नी न्हाई कळायचं बाई." मामंजींचा आवाज चढला. रागवायला त्यांना कुणीतरी हवंच होतं. "तुमचं काय! तुमचं गाव तिकडं इलायतेत शाबूत हाय. आज दवाखाना बुडला, उद्या बोटीत बसशीला, तुमच्या गावाला जाशीला. तुमच्या वाडवडलांच्या घरात दिवा लागत आसंल. आमचं तसं हाय का?"

गल्लीत कुणाचा तरी खांब धाडकन पडला, धूळ उठली. मिसबाईंनी झग्यावरची धूळ झटकली.

"माझं गाव समुद्रात आहे, तात्या."

"आँ?"

"माझं नाव हॅरिएट थॉर्नसी. हे थॉर्नसी म्हणजे आमचं आडनाव. विलायतेत कुणी हे आडनाव ऐकलं की म्हणायचे, हे कसलं आडनाव, कधी ऐकलं नाही. शाळेत मुलं चिडवायची. माझे वडील शाळामास्तर होते. त्यांनी हे आडनाव आलं कुठून ते शोधून काढायचा ध्यास घेतला. दर सुट्टीत बाहेर पडायचे. म्हाताऱ्या कोळ्यांना विचार, चर्चच्या अंगणातले दगड वाच. शेवटी त्यांना कळलं की थॉर्नसी हे एक गाव होतं. पूर्वेच्या किनाऱ्यावर, मातीच्या कड्यावर. आम्ही लहान असताना माझ्या भावाला आणि मला ते तिथं घेऊन गेले. कड्यावर उभं केलं आणि पाण्याकडं बोट केलं. म्हणाले, ते बघा आपलं गाव."

"मग? दिसलं?"

"लाटा दिसल्या. मी रडायला लागले. मला घर बघायचं होतं."

मामंजींनी ताटली बाजूला सारली. "धरान कुनी बांधलं व्हतं?"

"कुणी नाही. समुद्रच खात खात आत आला. कित्येक पिढ्यांपूर्वीची गोष्ट. दर हिवाळ्यात वादळ व्हायचं आणि एखादं वावर कड्यावरून खाली जायचं. मग गोठा. मग घर. माणसं पाच-पन्नास पावलं मागं सरकून पुन्हा बांधायची."

"म्हंजी रोज मरन," मामंजी म्हणाले. आपल्याला निदान दवंडी तरी मिळाली, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. "आन् देऊळ?"

"देऊळ शेवटी गेलं. लोक सांगतात, अजून पाण्याखालून त्याची घंटा ऐकू येते. माझ्या वडिलांनी तासन्‌तास ऐकलं. ते म्हणाले, काही ऐकू येत नाही, लोकांना उगाच बोलायला हवं असतं."

मामंजींना हे पटलं. त्यांनाही उगाच बोलणारी माणसं आवडत नसत. मग त्यांनी घसा खाकरला आणि जे विचारायचं होतं ते विचारलं.

"आन् पितरं?"

"आमच्यात पुरतात, तात्या. कडा ढासळला तशी हाडं बाहेर आली. शेवटची जी घरं होती त्यांनी ती पाट्यांत भरली आणि आत दूरच्या गावी नेऊन पुरली. कुणाचं कुठलं हाड, काही कळायला मार्ग नव्हता. सगळी एकाच खड्ड्यात."

मामंजींनी डोळे मिटले. "निदान न्हेली," ते म्हणाले.

"हो. नेली."

मी भिंतीला धरून बाहेर आले होते आणि खांबाशी टेकले होते. मला आत पडून राहवेना. मिसबाईंनी मला हातानं बसायची खूण केली, पण बोलत राहिल्या.

"पण वडिलांना जे सापडलं त्यातली खरी गोष्ट वेगळीच होती. गाव होतं तोवर तिथं कुणाचंही आडनाव थॉर्नसी नव्हतं. एकाला लोहार म्हणायचे, एकाला मेंढक्या, एकाला लंगडा जॉन. गावात सगळेच थॉर्नसीचे, मग कुणा एकाला थॉर्नसी कशाला म्हणतील? आमचा जो पूर्वज सगळ्यांत आधी बाहेर पडला, त्याचं घर गेलं आणि तो लांबच्या बाजारगावी मजुरीला गेला. तिथं लोकांनी विचारलं, तू कुठला? तो म्हणाला, थॉर्नसीचा. त्या दिवसापासून तो थॉर्नसी झाला. त्याची मुलं थॉर्नसी, नातवंडं थॉर्नसी. त्यांनी ते गाव पाहिलंही नव्हतं."

"मंग गाव?"

"गाव गेलं. पण ते विचारायला लोक होते तोवर सांगायला आम्ही होतो." त्यांनी मिटलेली छत्री मांडीवर आडवी घेतली. "आता नाही. फार घरं कधी नव्हतीच. मुली लग्न होऊन गेल्या, त्यांचं नाव बदललं. माझा भाऊ पहिल्या लढाईत फ्रान्सात मेला. वडील त्या दुःखात गेले. आता जगात ह्या नावाची मी एकटी आहे. मी लग्न केलं नाही, म्हणून माझ्यापाशी ते राहिलं. माझ्यानंतर कुणी नाही. म्हणून सांगते तात्या, मला बोटीत बसून कुठं जायचं नाही."

यात एक शब्द रडवेला नव्हता. दवाखान्यात गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगावं तशा त्या सांगत होत्या. मलाच हुंदका आला.

मामंजींनी वळून माझ्याकडं पाहिलं.

"चाफळकरीण," ते म्हणाले, "तुला चाफळात काय म्हनत हुते गं?"

"अनशी. थोरल्या आळीतल्या साळुंख्यांची अनशी."

"चाफळकरीण कुनी म्हनत न्हवतं?"

"तिथं कशाला म्हनतील मामंजी? तिथं सगळ्याच चाफळच्या."

"मंग कवापासनं?"

"वेशीतनं गाडी भायेर पडली तवापासनं," मी म्हणाले, आणि मग मला थांबताच येईना. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं. "मामंजी, तुम्ही एक गाव सोडायचं म्हनून असं बसलाय. मी सोडून आले न्हवं? घर सोडलं, आई सोडली, नाव सोडलं. मला कुनी दवंडी दिली न्हाई का मी येते का म्हनून इचारलं न्हाई. रडत आले न् तुमच्या ह्याच उंबऱ्यावरचं माप लवंडून आत आले. तुम्हीच आनलंत ना मला? मग मी चाफळ बुडवलं का? तुम्ही रोज मला हाक मारता तवा चाफळचंच नाव घेता की. तुमच्याच तोंडात हाय माझं गाव."

सासऱ्याशी असं बोलायची रीत नव्हती. बोलून झाल्यावर मी खाली बसले. मिसबाई उठून माझ्याजवळ आल्या.

मामंजींनी तळहात उंबऱ्यावरून फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लग्नातल्या हळदीकुंकवाचे डाग त्या लाकडात मुरलेले होते. सासूबाई होत्या तेव्हा रोज सकाळी ज्या जागी रांगोळीची बोटं उठवायच्या ती जागा गुळगुळीत झाली होती. तिथं त्यांचा हात थांबला. मग गुडघ्यावर हात रोवून ते उठले.

"पहार कुठं हाय?"

मिसबाईंचा गडी पुढं झाला, तर त्याला म्हणाले, "तू नगं. ज्यानं बसवला त्याच्या नातवानं काढायचा आसतो."

अशी काही रीत असते असं मी ना आधी कधी ऐकलं होतं ना नंतर. त्यांनी ती त्या क्षणी केली असावी. त्यांनी उंबऱ्याच्या दोन्ही अंगाची माती उकरली, चौकटीचा पाय सोडवला. घाम निथळत होता आणि मधूनमधून शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होते. घामच पुसत होते की आणखी काही, ते मी पाहिलं नाही. उंबरा सुटला तेव्हा त्याखाली ओलसर काळी माती निघाली. तिची एक मूठ त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधली.

लाकूड जड होतं. एका बाजूनं त्यांनी उचललं, दुसरं टोक मिसबाईंनी धरलं. गडी नको नको म्हणत मागं धावला, पण तिनं सोडलं नाही. अशी आमची वरात निघाली: पुढं मडम, मागं सासरा, मध्ये उंबरा आणि शेजाऱ्यांच्या बैलगाडीत आडवी मी. घराकडं मामंजींनी वळून बघितलं नाही. मीच बघितलं. बिनउंबऱ्याचं दार नुसतं भोक दिसत होतं.

मिशनच्या दवाखान्यात मुलगी झाली. मिसबाईंनी आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मूल पोटातल्या पोटात फिरवलं. कसं ते विचारू नका, मला फक्त माझं ओरडणं आठवतं. बाहेर मामंजी उंबरा मांडीशी घेऊन व्हरांड्यात बसले होते. लोक त्यांना वेडं समजत होते. पोरीचा आवाज ऐकला तेव्हा त्यांनी म्हणे त्याच उंबऱ्यावर डोकं टेकलं.

नव्या जागी आलो तर सगळं मामंजी म्हणाले होते त्याहून उजाड. पत्र्याच्या शेडी रांगेनं, मधे रस्ता, झाड म्हणून नाही. दुपारी पत्रा एवढा तापायचा की आत बसवेना. आमच्या ह्यांनी शेडीच्या दाराला उंबरा बसवला, पण पत्र्याच्या दाराला ऐनाचा उंबरा शोभेना. मामंजी सोग्यातली माती त्याखाली टाकून गप्प झाले. कुणाशी बोलत नसत. रस्त्याकडं तोंड करून बसायचे. मला भीती वाटायला लागली होती की माणूस आणला खरा, पण जीव तिकडंच राहिला.

श्रावणात एक दिवस ते तरातरा आत आले. मी पोरीला पाजत होते, ते विसरून दारातच उभे.

"चाफळकरीण! ऐकलंस का? त्यो बैलाचा दलाल आला न्हवं का पलीकडच्या गावचा? रस्त्यावर इचारत हुता."

"काय इचारत हुता?"

"हिरडवेकरांची वसाहत हीच का म्हनून." त्यांनी दाराची चौकट धरली. "हिरडवेकर म्हनाला गं. आमच्या सात पिढीत आमाला कुनी हिरडवेकर म्हनलं न्हवतं."

त्या दिवशी ते पोटभर जेवले.

मग भाद्रपद आला. सर्वपित्रीच्या दिवशी मिसबाई आमच्या वसाहतीत आल्या होत्या, पोरांना देवी टोचायला. आता त्या मिशनच्याच दवाखान्यात राहायच्या आणि महिन्यातून एकदा एवढ्या लांब आमच्यासाठी म्हणून यायच्या. मामंजींनी त्यांना रस्त्यातच गाठलं. "बाई, जेवून जायाचं. आज म्हाळ हाय."

मी पहाटेपासून राबत होते. तांदळाची खीर, उडदाचे वडे, गवार, भोपळा, कढी. पत्र्यावर ठेवायला पानं वाढली. आज्ज्याचं, बाचं, सासूबाईंचं. तीन पानं घेऊन हे शिडीवर चढले, तर मामंजी म्हणाले, "आजून एक वाढ."

"कुनाचं मामंजी?"

"वाढ म्हनतो न्हवं."

मी चौथं पान वाढलं. ते त्यांनी स्वतः घेतलं आणि मिसबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"बाई, तुमच्या वडलांचं नाव काय?"

मिसबाईंना कळलं नसावं. "एडविन," त्या म्हणाल्या.

"आन् भावाचं?"

आता त्यांना कळलं. त्यांनी पानाकडं बघितलं, खिरीकडं, वड्यांकडं. "तात्या, आमच्यात हे नसतं."

"तुमच्यात नसू दे. आमच्यात हाय." आणि मग अगदी हळू, लहान पोराला सांगावं तसं, "तुमच्यामागं त्यांना घास द्यायाला कोन हाय बाई? तुमी एकट्या. आमी गाव सोडून आलो, आमाला वाट ठावी हाय."

इतकी बाळंतपणं, इतकी मरणं पाहिलेली ती बाई. चष्मा काढून तिनं पदर शोधावा तसा झग्यावर हात फिरवला. मी माझा पदर पुढं केला. तिनं तो तोंडाला लावला.

"रॉबर्ट," पदराआडून ती म्हणाली.

मामंजी स्वतः शिडी चढले. पान पत्र्यावर ठेवलं, तांब्यातलं पाणी भोवती फिरवलं आणि सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "एडविन थारनशीकर! राबर्ट थारनशीकर! लंगडा जान आन् समदी थारनशीची मंडळी! या. हितं हिरडवेकरांच्या घरी या."

आम्ही खाली उभे राहून वर बघत होतो. शेजारचे लोक दारात आले. माळावर कावळे कमी. आमच्या तीन पानांकडं एकही फिरकेना, आणि मामंजींच्या चेहऱ्यावर पुन्हा तीच वैशाखातली काळजी दिसायला लागली. यांना वाट सापडली नाही तर?

मग कुठून तरी एक कावळा आला. पत्र्याच्या कडेला बसला, मान वाकडी केली, आमची तिन्ही पानं ओलांडून गेला आणि चौथ्या पानातला वडा उचलला.

मामंजी शिडीवरच हसले. हिरडवे सुटल्यापासून पहिल्यांदा.

"लांबनं आल्यात," ते म्हणाले. "भुका लागल्या आस्तील."

मागोमाग आणखी दोन आले आणि आमच्या पानांवर बसले.

मिसबाई पुढं बरीच वर्षं जगल्या. मिशनच्या कबरस्तानात त्यांचा दगड आहे, त्यावर पूर्ण आडनाव आहे. मामंजींनी तिथल्या पाद्रीसाहेबांपुढं बसून ते कोरून घेतलं. नंतर मामंजीही गेले, आमचे हे गेले. पत्र्याच्या शेडी जाऊन स्लॅबची घरं झाली. उंबरा तोच आहे. विलायतेत त्या आडनावाचं आता कुणी नसेल, मिसबाई तसं म्हणाल्याच होत्या.

यंदाच्या सर्वपित्रीला नातवाची नवी बायको पानं घेऊन गच्चीवर आली होती. तिकडची, कोकणातली आहे. मी तिला चिपळूणकरीण म्हणते, ती हसते. तिनं पानं मोजली आणि एक जास्तीचं बघून विचारलं, "आजी, हे कुणाचं?"

"थॉर्नसीकरांचं. एडविन, रॉबर्ट आणि हॅरिएट."

"ते आपले कोण?"

"गाववाले," मी म्हणाले आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.